खेतवाडीच्या माळ्यावरचे प्रश्न

मुंबईत खेतवाडीच्या दहाव्या गल्लीतल्या एका जुन्या इमारतीत माळ्यावरची एक छोटीशी खोली होती. तिथे कित्येक वर्षं रोज माणसं जमत, भजन होई आणि मग बोलणं सुरू होई. सांगणारे गृहस्थ पेशाने बिडीचे दुकानदार. मारुती शिवरामपंत कांबळी हे त्यांचं नाव. जन्म १८९७ चा, हनुमान जयंतीचा, म्हणून मारुती. लहानपण मालवणजवळच्या कांदळगावात गेलं. वडील वारल्यावर पोटापाण्यासाठी मुंबई गाठली, आधी कारकुनी केली, मग दुकान टाकलं. शालेय शिक्षण बेताचंच. जगाला ते निसर्गदत्त महाराज म्हणून माहीत आहेत.

त्यांचे १०१ संवाद १९७३ साली मुंबईच्या चेतना प्रकाशनाने 'आय अ‍ॅम दॅट' या नावाने इंग्रजीत छापले आणि खेतवाडीचा जिना चढायला युरोप-अमेरिकेतून माणसं येऊ लागली. महाराज बोलत मराठीत. शेजारी बसलेला कुणीतरी ते परक्या पाहुण्याला त्याच्या भाषेत सांगे, पाहुण्याचा प्रश्न महाराजांना मराठीत सांगे. आपल्याकडच्या एका दुकानदाराचं तत्त्वज्ञान आपल्यापेक्षा बाहेरच्यांनी जास्त वाचलं, याची मला मनापासून खंत वाटते. या माळ्यावर नेमकं काय बोललं जायचं आणि ते इतकं लांबत का जायचं, हे इथे जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडतो.

आधी या बोलण्याची जात कळली पाहिजे. प्रवचनात एक बोलतो, बाकीचे ऐकतात. शंका आलीच तर ती घरी घेऊन जायची. वादसभेत दोघं बोलतात, पण प्रत्येकाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, आणि समोरच्याला गप्प करता आलं की काम झालं. माळ्यावरचं बोलणं तिसऱ्या जातीचं. तिथे विचारणाऱ्याचा प्रश्न बोलता बोलता बदलत जातो. माणूस 'जगात शांतता कशी नांदेल' असं विचारत येतो आणि अर्ध्या तासाने 'अशांत कोण आहे' या प्रश्नापाशी पोचतो. पहिला प्रश्न बहुतेक वेळा ऐकीव असतो, पुस्तकातला, नाहीतर दुसऱ्या कुठल्या गुरूकडून उचललेला. तो झिजून त्याखालचा स्वतःचा प्रश्न वर यायला वेळ लागतो. म्हणून हे संवाद लांबतात, आणि म्हणूनच त्यातली चमकदार वाक्यं वेचून भिंतीवर लावली की त्यांचा जीव जातो.

मराठीला ही पद्धत नवी नाही. दासबोधाची पहिली ओवीच श्रोत्याच्या प्रश्नाची आहे: 'श्रोते पुसती कोण ग्रंथ । काय बोलिलें जी येथ ।' हा कोणता ग्रंथ, यात काय सांगितलंय, ऐकून काय मिळणार? ग्रंथ उघडायच्या आत श्रोत्याने हिशेब मागितला आहे. त्यावर समर्थ सांगतात, 'ग्रंथा नाम दासबोध । गुरुशिष्यांचा संवाद ।' पुढेही श्रोता मधेच आशंका घेतो आणि समर्थांना थांबून ती फेडावी लागते. निसर्गदत्त महाराज ज्या परंपरेतले, त्या इंचगिरी संप्रदायात दासबोध नेमाने वाचला जातो. माळ्यावर जे चालायचं त्याची मुळं इथे आहेत. परदेशी वाचकाला ती सहसा दिसत नाहीत, आपल्याला दिसायला हवीत.

या संप्रदायाबद्दल थोडं सांगतो. तो महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरचा, नवनाथांशी नातं सांगणारा. निंबर्गीचे गुरुलिंगजंगम महाराज लिंगायत, त्यांचे शिष्य उमदीचे भाऊसाहेब महाराज देशस्थ ब्राह्मण. भाऊसाहेबांचा मठ इंचगिरीला. त्यांच्या शिष्यांत एकीकडे गुरुदेव रानडे, म्हणजे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे आणि तिथे कुलगुरू झालेले रा. द. रानडे, आणि दुसरीकडे सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे सिद्धरामेश्वर महाराज. १९३३ साली एका मित्राच्या आग्रहाने मारुती कांबळी या सिद्धरामेश्वरांकडे गेले. १९३६ मध्ये सिद्धरामेश्वरांनी देह ठेवला. उणीपुरी तीन वर्षांची संगत. विद्यापीठातला कुलगुरू आणि बिडीवाला एकाच गुरुपरंपरेत बसतात, आणि दोघांच्याही हाती तोच दासबोध असतो, हे मला या संप्रदायाचं सर्वांत मोठं वैभव वाटतं.

भाऊसाहेबांचा भर नामावर आणि तासन्‌तास ध्यानावर होता. सिद्धरामेश्वरांनी विचारावर भर दिला. संप्रदायात पहिल्याला पिपीलिका मार्ग म्हणतात, दुसऱ्याला विहंगम मार्ग. मुंगी खोडावरून चढत चढत फळापर्यंत जाते, पक्षी उडून थेट फळावर बसतो. विहंगम मार्गात पंखांचं काम विचार करतो, म्हणून तिथे बोलणं हीच साधना होते. गुरू विचारतो, शिष्य स्वतःत डोकावून उत्तर देतो, गुरू ते उत्तर खोडतो, शिष्य पुन्हा डोकावतो.

आता मुख्य मुद्दा. महाराजांना सिद्धरामेश्वरांनी जे सांगितलं त्याचा गाभा असा, की 'मी आहे' या जाणिवेला धरून राहा. वाक्य एवढंसं, पण ते कसं उलगडतं ते टप्प्याटप्प्यानेच बघायला हवं.

समजा मी माळ्यावर गेलो आणि म्हटलं, 'मी दुःखी आहे.' या वाक्यात तीन गोष्टी आहेत: मी, दुःखी आणि आहे. महाराज 'दुःखी' बाजूला ठेवायला लावतात, कारण ते येतं-जातं. काल नव्हतं, आज आहे. मग 'मी' कोण? मी माझं नाव सांगतो. ते तर बारशाला ठेवलं, त्याआधी बारा दिवस मी होतोच. मग शरीर? पाचव्या वर्षाचं शरीर आज शिल्लक नाही, तरी पाचव्या वर्षी मी पडलो होतो असं मी म्हणतो. मग मन, स्वभाव, आठवणी? त्याही बदलतात, आणि त्या बदललेल्या मला कळतात. ज्याला बदल कळतो तो त्या बदलातला एक तुकडा कसा असेल? असं एकेक गळत जातं आणि शेवटी एवढंच उरतं, की मी आहे. अमुक आहे, तमुक आहे असं नव्हे, नुसतं 'आहे'. याला पुरावा लागत नाही. मी नाही असं म्हणायलाही मी असावा लागतो.

इथपर्यंत तर्काने येता येतं. शाळेतल्या मुलालाही हे समजावता येईल. पण महाराज म्हणतात, हे समजून उपयोग नाही, तिथे राहा. दिवसभरात 'मी' या शब्दाला आपण सतत काहीतरी चिकटवत असतो: मी बाप, मी साहेब, मी हरलेला, मी शहाणा. चिकटवलेलं ओळखायचं आणि नुसत्या असण्यावर लक्ष परत आणायचं. दुकान चालवता चालवता, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता. त्यांनी स्वतः असंच केलं असं ते सांगत. गुरू गेल्यावर १९३७ मध्ये ते घर सोडून हिंडायला निघाले खरे, पण लवकरच मुंबईला परतले, दुकानात बसू लागले आणि संसारात राहूनच साधना केली. माझ्या मते परत येण्याचा हा निर्णय त्यांच्या शिकवणुकीइतकाच महत्त्वाचा आहे.

दुसरा टप्पा अवघड आहे, आणि पुष्कळ लोक पहिल्यावरच थांबतात. 'मी आहे' हे कळलं, तिथे बरं वाटू लागलं, की माणूस त्यालाच देव करून बसतो. महाराज तिथूनही उठवतात. ते विचारतात, ही जाणीव आली कुठून? जन्माआधी तू 'मी आहे' असं म्हणत होतास का? गाढ झोपेत म्हणतोस का? ही जाणीव अन्नावर वाढलेल्या देहाच्या आधाराने टिकते. देह थकला की ती मंदावते, देह पडला की ती मावळते. म्हणजे तीही येणारी-जाणारीच ठरली. मग तिचं येणं आणि जाणं ज्याच्यापुढे होतं ते काय? त्याला नाव द्यायचं तर परब्रह्म. पण नाव दिलं की आपण त्याचीही वस्तू करतो, म्हणून महाराज शक्यतो बोट एवढंच दाखवतात, की जे जे तुला कळतं ते ते तू नव्हेस. धरायला सांगितलेली गोष्ट शेवटी सोडायला लावली, आणि हा क्रम उलटा करता येत नाही. आधी धरलंच नाही तर सोडणार काय? 'सगळं माया आहे' हे पहिल्याच दिवशी पाठ करणारा माणूस हीच गल्लत करतो.

आता प्रश्न विचारणाऱ्यांकडे वळतो, कारण या संवादांचं निम्मं श्रेय त्यांचं. त्यातही एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मॉरिस फ्रीडमन. पोलंडमधल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला विद्युत अभियंता. १९३० च्या दशकात म्हैसूर संस्थानच्या नोकरीसाठी बंगळुरूला आला आणि भारताचाच झाला. तिरुवण्णामलईला रमण महर्षींपुढे बसून प्रश्न विचारले, गांधीजींबरोबर चरख्यावर काम केलं, संन्यासही घेतला. तोच पुढे खेतवाडीत आला, महाराजांचं बोलणं टेपवर घेतलं आणि इंग्रजीत उतरवलं. १९७६ साली मुंबईतच त्याचा शेवट झाला.

पण फ्रीडमनचं महाराष्ट्राशी नातं खेतवाडीच्या कितीतरी आधीचं. साताऱ्याकडचं औंध संस्थान जेमतेम बहात्तर गावांचं, आणि तीही विखुरलेली. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले आणि चित्रकलेत रमणारे भवानराव. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि फ्रीडमन यांची गाठ पडली आणि विचार निघाला, की राजाने स्वतःहून सत्ता प्रजेला देऊन टाकावी. मसुद्यासाठी ते गांधीजींकडे गेले. १९३८ च्या अखेरीस राजांनी जाहीरनामा काढला आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधची राज्यघटना अमलात आली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची सभा, तिथून संस्थानची विधानसभा. सत्तेचा पाया गावात. स्वराज्य म्हणजे आत्मसंयम आणि त्याग असा अर्थ त्या जाहीरनाम्यातच दिला होता. त्याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं गेलं, भिंती नसलेली कैद्यांची वसाहत. तीही फ्रीडमनची कल्पना. पुढे याच मातीतल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' निघाला. १९४८ मध्ये औंध विलीन झालं आणि तो राजकीय प्रयोग थांबला.

हा इतिहास इथे सांगण्याचं कारण असं. अध्यात्माकडे वळलेला माणूस जगाकडे पाठ फिरवतो, हा आक्षेप या सगळ्या प्रकारावर कायम घेतला जातो, आणि पुष्कळदा तो योग्यही असतो. पण खेतवाडीचे संवाद ज्याने टिपले तो माणूस राज्यघटना, तुरुंग आणि चरखा यांतून आलेला होता. पुढे तिबेटी निर्वासितांसाठीही तो झिजला. राजाने 'माझं राज्य' यातला 'माझं' सोडावा यासाठी त्याने औंधात खटपट केली आणि माळ्यावर 'माझं शरीर, माझं मन' यातल्या 'माझं'बद्दल प्रश्न विचारले. त्याने स्वतः या दोन कामांची अशी सांगड घातली होती असा माझा दावा नाही. एकाच आयुष्यात ती दोन्ही सुखाने नांदली, एवढं मात्र समोर दिसतं.

आता सर्वांत कसोटीचा संवाद. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात कत्तली चालल्या होत्या, लाखो निर्वासित भारतात येत होते. माळ्यावर आलेल्या एकाने महाराजांना सरळ विचारलं, की तिथे एवढी माणसं मारली जाताहेत, तुम्हाला हे कसं दिसतं? महाराज म्हणाले, शुद्ध चैतन्यात कधी काही घडतच नाही.

हे उत्तर वाचताना अंगावर येतं. विचारणाऱ्याच्याही आलं. तो हलला नाही. त्याने महाराजांना त्या उंचीवरून खाली यायला सांगितलं. बंगाली माणूस खरा आहे, त्याचं दुःख खरं आहे, त्याला भ्रम म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ, तुम्ही वर्तमानपत्र वाचता, तुमची भूमिका सांगा, असं तो सुनावतो. महाराज पुन्हा तेच म्हणतात. तो पुन्हा विचारतो: उद्या तुमच्या डोळ्यांदेखत दंगल झाली तर अलिप्त राहाल? तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर येते. महाराज म्हणतात, अलिप्त राहीन असं मी कधी म्हटलं? कुणाला वाचवायला मी त्या दंगलीत उडी घेतलेली आणि मारला गेलेलाही तुम्हाला दिसेन. आणि तरीही माझ्या लेखी काही घडलेलं नसेल.

पहिल्या उत्तरावर संवाद संपला असता तर ते निष्ठुर वाटलं असतं. विचारणारा तिसऱ्यांदा उभा राहिला म्हणून त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मिळाला. 'काही घडत नाही' याचा अर्थ 'काही करू नको' असा नाही. हात जे करायचं ते करतील, अगदी जीवही जाईल, पण 'मी केलं', 'माझं गेलं' असं म्हणणारा कुणी आत नसेल. गीता वाचलेल्याला हे ओळखीचं वाटेल. फरक इतकाच, की इथे समोरच्याने मान डोलावली नाही. संपादकांनी पाहुण्याचा संताप कापून टाकला नाही, याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

माझं मत विचाराल तर त्या पाहुण्याची बाजू मला अजून पूर्ण फिटलेली वाटत नाही. दुःख भोगणारा कोण याचा शोध ज्याचा त्याने घ्यायचा असतो. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल बोलताना ते वाक्य वापरायचा हक्क फार थोड्यांना असतो, आणि महाराजांचं ऐकून ते वापरणाऱ्या बहुतेकांना तो नसतो. घरात मयत झालेल्या माणसाला 'देह नश्वर आहे' असं सांगणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. महाराजांनी हे उत्तर समोर बसलेल्या, वाद घालायची ताकद असलेल्या माणसाला दिलं होतं, दुःखात बुडालेल्याला नव्हे. संवाद वाचताना प्रश्न कुणी विचारला, कोणत्या अवस्थेत विचारला, हे सोडून नुसतं उत्तर उचललं की अशी गफलत होते.

शेवटच्या दोन वर्षांतले संवाद वेगळे आहेत. १९८० मध्ये महाराजांना घशाचा कर्करोग असल्याचं निदान झालं आणि ८ सप्टेंबर १९८१ रोजी ते गेले. बोलणं कष्टाचं झालं होतं. या काळात नवख्यांच्या प्रश्नांना सविस्तर उत्तरं कमी, थेट दुसऱ्या टप्प्यावरचं बोलणं जास्त. 'मी आहे' ही जाणीवच विकार आहे, तीच येऊन चिकटलेली आहे, असा सूर. हे संवाद जीन डन या अमेरिकन शिष्येने संपादित करून प्रसिद्ध केले. ज्यांनी आधी हेच वाचले त्यांना महाराज कठोर वाटतात, ज्यांनी १९७०-७२ चे वाचले त्यांना प्रेमळ वाटतात. दोन्ही खरे. पण वाचायची सुरुवात आधीच्या संवादांपासून करावी, असं मी आग्रहाने सांगेन.

दुभाषांपैकी रमेश बाळसेकर हे बँकेतल्या मोठ्या पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ. पुढे ते स्वतः शिकवू लागले आणि त्यांनी 'सगळं आपोआप घडतं, कर्ता कुणीच नाही' यावर सगळा भार दिला. महाराजांच्या बोलण्यात हा धागा आहेच, पण तितकाच जोरकस दुसराही आहे: मनापासून लाग, चिकाटी धर, 'मी आहे' सोडू नको. एकच धागा ओढला की कापडाचा पोत बिघडतो, असं मला वाटतं. एकाच माळ्यावर बसून ऐकलेल्यांनीही वेगळं वेगळं घेतलं, कारण प्रत्येकाला मिळालेलं उत्तर त्याच्या प्रश्नाच्या मापाचं होतं.

वाचायला बसणाराला एक पद्धत सुचवतो. एक संवाद घ्या, त्यातले फक्त प्रश्न ओळीने वाचून काढा, उत्तरं झाका. पहिला आणि शेवटचा प्रश्न शेजारी ठेवा आणि मधे माणूस कुठे वळला ते शोधा. मग उत्तरं वाचा. जोडीला दासबोधाचा आठवा दशक उघडून ठेवा. मायेबद्दलच्या श्रोत्याच्या शंका तिथे आहेत, आणि बिडीच्या दुकानातला माणूस कोणत्या भाषेत वाढला तेही तिथेच कळतं.